बिनविरोध पहिला नंबर

त्या रविवारी भालकाकांच्या घरातून बाहेर पडताना मला स्वतःविषयी फार बरं वाटत होतं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या बरं वाटण्यातूनच आलं आहे. फेब्रुवारी संपत आला होता. हॅमिल्टनच्या रस्त्यांच्या कडेला ढकललेला बर्फ काळा पडत चालला होता. काका बेसमेंटमधल्या त्यांच्या खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर काकूंची जुनी शाल आणि समोर टीव्हीवर नव्वदच्या दशकातल्या एका हंगामाचा अमेरिकन फुटबॉलचा सामना, आवाज बंद करून लावलेला. डायलिसिसमुळे त्यांचा चेहरा मातकट झाला होता, पण डोळे मात्र होते तसेच, समोरच्याला तोलणारे. "मग काका, पहिला नंबर कुणाला द्यायचा?" मी विचारलं. "गवळी," ते म्हणाले. "या हंगामाचा पहिला गवळी. बोल." मी म्हणालो, "बरोबर आहे काका. गवळीच. काय पळाला त्या वर्षी!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रिमोट उचलून टीव्ही बंद केला. "बरं," म्हणाले, "मग ठरलं." मी त्यांच्या पायांवरची शाल सारखी केली, वर येऊन काकूंचा निरोप घेतला आणि घरी निघालो. आजारी माणसाला अजिबात दमवलं नाही, याचं समाधान गाडीत माझ्याबरोबर होतं... त्याच आठवड्यात एका सकाळी त्यांच्या मुलीचा, मीराचा फोन आला. ती इथेच जन्मलेली, मराठी कळतं पण बोलते इंग्रजीतच. त्या दिवशी मात्र ती अडखळत मराठीत म्हणाली, "अविदादा, बाबा गेले." बहुधा ते वाक्य तिला इंग्रजीत म्हणवलं नसावं.

भालकाका माझे नात्याने कुणी नव्हते. भालचंद्र हे त्यांचं नाव, गाव इचलकरंजी, शिक्षण धातुशास्त्राचं आणि सगळी नोकरी इथल्या पोलाद कारखान्यात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आले, तेव्हा लग्न व्हायचं होतं. कारखान्याजवळच्या एका खोलीत राहायचे. रविवारी करायला काही नसायचं. घरमालकाने दिलेल्या जुन्या टीव्हीच्या अँटेनावर सरहद्दीवरच्या सरोवरापलीकडची अमेरिकन स्टेशनं लागत आणि त्यांच्यावर दुपारभर हा खेळ चालू असे. काका शाळा-कॉलेजात कबड्डी खेळलेले, डावा कोपरा. चढाई करणारा परत फिरला की मागून त्याचा घोटा धरायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे त्यांना वाटलं, हा तर आपलाच खेळ! दोन बाजू, मध्ये रेषा, एक जण घुसतो आणि बाकीचे त्याला लोळवतात. फक्त एकच गोष्ट त्यांच्या गळी उतरेना. लोळवलेला गडी कपडे झटकून उठायचा आणि पुन्हा खेळायचा. "अरे, बाद झाला ना तो! बाहेर काढा की त्याला!" असं ते एकटेच त्या खोलीत टीव्हीवर ओरडायचे. अख्खा पहिला हंगाम त्यांनी पंच लबाड आहेत या समजुतीत काढला. शेवटी कारखान्यातल्या एका इटालियन मुकादमाजवळ त्यांनी ही तक्रार केली, तेव्हा तो इतका हसला, की दुसऱ्या दिवशी पाळीवरच्या सगळ्यांनी "बाहेर काढा याला!" म्हणून त्यांचं स्वागत केलं. ही गोष्ट काका स्वतःच सांगायचे, आणि शेवटी गंभीर होऊन म्हणायचे, "पण नियम आपलाच बरा होता. धरला गेलास ना? मग बस बाहेर. आपलं माणूस सोडवून आणील तेव्हा ये आत."

मी नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला, इथे आलो तेव्हा तिशी नुकतीच ओलांडली होती. काकांची आणि माझी गाठ पडली ती भांडणातच. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांची वक्तृत्व स्पर्धा होती आणि काका परीक्षक होते. माझ्या मुलीने न अडखळता भाषण म्हटलं. तिला दुसरा नंबर मिळाला. पहिला मिळाला तो एका मुलाला, जो अर्ध्यात भाषण विसरला, दोन्ही हात खिशात घालून थोडा वेळ उभा राहिला आणि उरलेलं स्वतःच्या मोडक्यातोडक्या मराठीत बोलून खाली उतरला. मी परीक्षकांकडे गेलो. बापाला शोभेल इतक्या सभ्यपणे म्हणालो, की हे काही बरोबर झालं नाही. काकांचा चेहरा असा उजळला, जणू मी त्यांना बक्षीसच दिलं होतं. "विरोध आहे तुझा? अरे वा! इथे निकाल लागला की सगळे टाळ्या वाजवतात आणि जेवायच्या रांगेत उभे राहतात. विरोध कुणी करतच नाही. रविवारी घरी ये. आणि तयारी करून ये."

मी तयारी करून गेलो ती वक्तृत्वाची. त्यांनी मला खाली बेसमेंटमध्ये नेऊन गालिच्यावर स्टीलच्या वाट्या मांडून हा खेळ शिकवला. इकडे अकरा वाट्या, तिकडे अकरा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही तर चेंडू गेला. ही वाटी चढाईची, हे दोन कोपरे, हा मध्यरक्षक. वर काकू स्वयंपाकघरातून विचारत होत्या, "अहो, वाट्या कुठे गेल्या सगळ्या? पाहुण्याला आमटी ओंजळीत वाढू का?" त्या दुपारी मी त्यांच्या एका विलक्षण उद्योगात सामील झालो, तो शेवटपर्यंत.

उद्योग असा. फेब्रुवारीत अमेरिकन फुटबॉलचा हंगाम संपला, की आम्ही एका हंगामातल्या खेळाडूंचे नंबर लावायचे. पण नुकत्याच संपलेल्या हंगामाचे नाहीत. "ताज्याला नंबर लावू नये," काका म्हणायचे. "लोणचं मुरल्याशिवाय चाखायचं नाही. आत्ता सगळे निकालाच्या नशेत असतात." म्हणून निदान दहा वर्षं जुना हंगाम घ्यायचा. काकांनी वर्षानुवर्षं टेप करून ठेवलेल्या कॅसेटी कपाटात होत्या, आणि पुढे तर सगळंच इंटरनेटवर मिळू लागलं. रविवारमागून रविवार ते सामने बघायचे आणि पाडव्याला निकाल जाहीर करायचा. पहिला, दुसरा, तिसरा आणि दोन उत्तेजनार्थ, अगदी गावाकडच्या एकांकिका स्पर्धेसारखं. निकालाआधी काका उठून उभे राहायचे आणि श्रोत्यांत मी एकटा असलो तरी 'परीक्षकांचं मनोगत' बोलायचे. मग काकू श्रीखंड वाढायच्या. खेळाडूंची खरी नावं काकांच्या तोंडात कधी यायची नाहीत. चेंडू फेकणारा एक जण प्रत्येक फेकीआधी मैदान असं न्याहाळायचा, जसा काही मोजणीला आला आहे, म्हणून तो तलाठी. चेंडू काखेत घेऊन गर्दीतून पळणारा एक, थेंबही न सांडता दुधाचा कॅन पोचवणारा, तो गवळी. आणि बचावातला एक, आपला कोपरा सोडून तसूभर न हलणारा, तो म्हसोबा. ऑफिसातले माझे गोरे सहकारी सोमवारी या खेळाविषयी बोलत, तेव्हा मला खेळाडूंची खरी नावं आठवायला वेळ लागायचा.

या उद्योगाला नियम एकच होता. पहिल्या नंबराला विरोध झालाच पाहिजे. दोघांचं एकमत असलं तरी एकाने उलट बाजू घ्यायची आणि प्रामाणिकपणे भांडायचं, निदान एक रविवार. "आमच्याकडे सोसायटीच्या निवडणुका बिनविरोध व्हायच्या," काका सांगायचे. "का? तर कुणाला काही पडलेलीच नसायची. बिनविरोध पहिला नंबर हा त्या खेळाडूचा अपमान आहे लेका. त्याच्यासाठी कुणी घसा पण कोरडा केला नाही!" आणि घसे आम्ही चांगलेच कोरडे केले. एरवी ते फार नेमस्त, पुस्तकी बोलणारे. पण भांडण रंगात आलं की इचलकरंजी वर यायची. "सोडलास व्हय त्याला? घोटा समोर होता, घोटा!" मी म्हणायचो, "काका, या खेळात तुम्ही सगळ्यांचे फक्त घोटेच बघता. वर माणूसही असतो." ते म्हणायचे, "माणूस खोटं बोलतो. घोटा नाही बोलत." एका वर्षी मी आकडे घेऊन गेलो, प्रिंट काढून. कोण किती यार्ड पळाला, किती फेकी झेलल्या गेल्या. त्यांनी ते कागद शांतपणे वाचले, घडी घातली आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारले. "आता उपयोगी आले," म्हणाले. मी चिडून दोन रविवार गेलो नाही. तिसऱ्या रविवारी त्यांचा फोन आला, "अरे विरोधी पक्षा, सभात्याग किती दिवस?"

माझे वडील मी इथे आल्यानंतर चार-पाच वर्षांत गेले. त्यांच्याशी मी आयुष्यात एकदाही वाद घातला नव्हता. आमच्या घरात ती पद्धत नव्हती. वडील बोलायचे, आम्ही हो म्हणायचो आणि मग आपल्याला हवं ते करायचो. भालकाकांशी भांडताना मला पहिल्यांदा कळलं, की मोठ्या माणसाला 'नाही' म्हणता येतं आणि तरी तो तुम्हाला जेवायला थांबवून घेतो. इतकंच नाही, तर तुमच्या 'नाही'ची वाट बघत असतो.

दोन वर्षांपूर्वी त्यांची किडनी थकली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सुरुवातीला त्याचीही थट्टा चालायची. "चार तास बसवतात रे, चेंडू काही माझ्याकडे देत नाहीत." पण हळूहळू आवाज बारीक झाला, मध्येच वाक्य सोडून डोळे मिटू लागले. एका रविवारी काकूंनी मला दारातच थांबवलं. "अविनाश, त्यांना दमवू नकोस रे. तू गेल्यावर पार गळून जातात." त्यांची काळजी खरी होती. मी मान डोलावली. त्या दिवसापासून मी खाली जाऊन हो म्हणायला लागलो. आधी थोडा खोटा विरोध करून माघार घ्यायचो, मग तेवढंही करेनासा झालो. काका म्हणत तो तिसरा, तो दुसरा. पण इथे मला सगळं काकूंच्या गळ्यात मारता येणार नाही. हो म्हणणं मलाही सोयीचं झालं होतं. भांडायला दुपार लागते, होकाराला पाच मिनिटं. मुलीच्या कॉलेजचे अर्ज होते, ऑफिसचं काम घरी येत होतं, बर्फ शोव्हल करायचा होता. मी घड्याळ बघत हो म्हणत होतो आणि त्याला प्रेम म्हणत होतो. सामन्यांकडेही माझं लक्ष नसायचं. पडद्यावर कुणी पळत असे आणि मी फोनवर ईमेल वाचत असे.

काका गेल्यावर दिवस-वार आटोपले. फ्युनरल होममध्ये मी बोललोही. ते किती विद्वान, किती प्रेमळ, मंडळाचा कसा आधारवड... लोक नंतर येऊन म्हणाले, छान बोललात. पाडव्याला सकाळी काकूंचा फोन आला. "गुढी उभारायची नाही या वर्षी. पण तू ये दुपारी. निकाल लागायचा राहिलाय." मी गेलो. मीरा आलेली होती, वर काकांची कपाटं आवरत होती. काकूंनी चहा टाकला आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "तुला एक सांगायचं आहे. सांगू की नको, ठरत नव्हतं. त्या शेवटच्या रविवारी तू गेलास ना, तर हे जिना चढून वर आले. एकटे. किती दिवसांत चढले नव्हते. इथे बसले आणि मला म्हणाले, कुंदा, अविनाश आज मला श्रद्धांजली वाहून गेला."

मला काहीच कळेना. "असं का म्हणाले?"

"तू म्हणे गवळ्याला पहिला नंबर दिलास."

"त्यांनीच दिला काकू. मी फक्त हो म्हणालो."

"अरे, पण तो त्या वर्षी खेळला होता का?"

आणि मला एकदम आठवलं. त्या हंगामात गवळी खेळलेलाच नव्हता. हंगाम सुरू होण्याआधी सरावातच त्याचा गुडघा गेला होता. सगळा हंगाम तो मैदानाच्या कडेला लांब कोट घालून, कुबडी घेऊन उभा होता. आम्ही दोघांनी ते त्याच हिवाळ्यात पाहिलं होतं. काका म्हणालेही होते, "दुधाचा कॅन गेला आणि काठी आली बिचाऱ्याच्या हातात." ज्याने पाऊलही टाकलं नाही, त्याला त्यांनी मुद्दाम पहिला नंबर दिला होता, मी अजून समोर आहे की नाही हे बघायला. आणि मी म्हणालो होतो, काय पळाला त्या वर्षी!

चहा उतू गेला. काकूंनी गॅस बंद केला, पण पुसायला फडकं घेतलं नाही. मी म्हणालो, "काकू, मला ते दमू नयेत असं वाटत होतं." त्या म्हणाल्या, "मीच तुला सांगितलं होतं ना. माझंही चुकलंच. भांडून दमले असते, झोपले असते. त्या रात्री मात्र जागेच होते." मग म्हणाल्या, "रागावले नव्हते रे. हसत होते. पण ते हसणं..."

गेले काही आठवडे मी याचाच विचार करतो आहे. त्यांची माफी मागावी असं वाटतं, पण त्याहून एक साधी गोष्ट जास्त टोचते. त्या हंगामाचा खरा पहिला नंबर काकांच्या मनात कोण होता, हे मला कधीच कळणार नाही. मी त्या दिवशी फक्त "काहीतरीच काय काका!" एवढं म्हणालो असतो, तर ते खुर्चीत पुढे सरकले असते, इचलकरंजी वर आली असती आणि त्यांनी मला खरं नाव सांगितलं असतं. मी हो म्हणालो आणि ते नाव त्यांच्याबरोबर गेलं.

त्या पाडव्याच्या दुपारी काकू मला खाली घेऊन गेल्या. इतक्या वर्षांत त्या बेसमेंटमध्ये यायच्या त्या फक्त वाट्या परत न्यायला. त्या काकांच्या खुर्चीत बसल्या. पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. "ह्यांच्या मनात कोण होता ते मला विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "माझ्या मनात कोण आहे ते सांगते. पहिला तलाठी."

"तुम्ही सामने कधी बघितलेत?"

"बघायला कशाला पाहिजे? त्या हीटिंगच्या जाळीतून सगळं वर ऐकू येतं. बाकी कुणी पळत असला की तुम्ही दोघं नुसता आरडाओरडा करायचा. पण तलाठ्याने हात मागे घेतला, की तुम्ही दोघंही एकदम चिडीचूप व्हायचा. मला वर फोडणी करताना कळायचं, आता चेंडू त्याच्या हातात आहे. एवढे दोन वटवटे पुरुष ज्याच्यासाठी गप्प बसतात, तो पहिला नाही तर कोण?"

त्यांचे डोळे भरून आले होते. 'बरोबर आहे काकू' हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले. दुसरं काय बोलावं माणसाने? नवरा जाऊन पुरता महिनाही झाला नव्हता. मी ते शब्द गिळले, त्याला वेळ लागला, आणि म्हणालो, "नाही काकू. पहिला म्हसोबा. तलाठी दुसरा."

"दुसरा?" त्यांचा आवाज चढला. "का म्हणून दुसरा?"

"कारण म्हसोबाच्या कोपऱ्याकडे चेंडू टाकायची कुणाची छातीच व्हायची नाही. सामन्याचे सामने तिकडे चेंडू जायचा नाही. मग त्याच्यासाठी ओरडणार कोण आणि गप्प बसणार कोण? तो तुम्हाला वर ऐकूच आला नसणार."

"जो ऐकूच आला नाही, तो खेळला कशावरून? मग मीही इतकी वर्षं वर होते, माझं नाव काढलंत कधी तुम्ही खाली?"

"तेच म्हणतोय मी! तोच तर मुद्दा आहे!"

"म्हणजे मी म्हसोबा होय रे?" काकू म्हणाल्या आणि हसू आवरेना म्हणून तोंडाला पदर लावला. मला वाटलं, निकाल लागला. पण डोळे पुसून त्या पुन्हा ताठ बसल्या. "ते काही नाही. स्वतःकडे चेंडू येऊ न देणं सोपं असतं. हातात आल्यावर काय करतोस ते सांग." आम्ही दोघंही एकाच वेळी बोलायला लागलो. जिन्याच्या वरून मीराचा घाबरलेला आवाज आला, "आई? अविदादा? व्हाय आर यू गाइज येलिंग? इज एव्हरीथिंग ओके?"

"सगळं ओके आहे!" काकू ओरडल्या. "तू मध्ये बोलू नकोस!"

मीरा दोन पायऱ्या उतरून तिथेच बसली. काकूंनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. तेव्हा मी पाहिलं, की त्या जागी कापड विरून आतला फोम दबला आहे, इतक्या वर्षांत मूठ आपटून आपटून तिथे एक खळगा तयार झाला आहे. काकूंची मूठ लहान. ती त्या खळग्यात बसली आणि चारी बाजूंनी जागा उरली.

"तलाठी," त्या म्हणाल्या.

"नाही," मी म्हणालो.